तुटलेल्या मज्जातंतूची वाटचाल

भाजी चिरताना विळीवर बोट खोल कापले, म्हणजे रक्त गोठते, खपली धरते, कडेच्या पेशी विभागत विभागत जखमेवर सरकतात आणि पंधरवड्याच्या आत कातडे सांधले जाते. परंतु शेंड्याला आलेला बधिरपणा कित्येक महिने हटत नाही, आणि माणूस धास्तावतो. मज्जापेशी त्वचेच्या पेशीप्रमाणे विभाजन पावून तूट भरून काढीत नाही, हे त्याचे कारण. तिचे ठाणे पाठीच्या कण्यालगत. तेथून निघालेला एकच सूक्ष्म तंतू थेट बोटापर्यंत पोचलेला असतो, आणि तो तुटला की ठाण्यापासून विलग झालेला पुढला सारा भाग नष्ट होतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेवरून दाखवून दिले. मग त्या ओस मार्गावरील, तंतूला वेढून असणाऱ्या श्वॉन पेशी भक्षक पेशींच्या साहाय्याने मृत अवशेष साफ करून रांगेने उभ्या राहतात, आणि त्या रांगेच्या आधाराने मूळ पेशी आपला तंतू पुन्हा पुढे धाडते: दिवसाला सुमारे एक मिलिमीटर.

ही वाटचाल आतून कशी जाणवते, याची बिनचूक हकीकत रोग्यांकडून मिळेना, तेव्हा लंडनचे डॉक्टर हेन्री हेड यांनी २५ एप्रिल १९०३ रोजी शल्यविशारद जेम्स शेरन यांच्याकडून आपल्याच डाव्या हाताचा संवेदनावाहक मज्जातंतू कापवून, टोके रेशमाने सांधून घेतली. पुढली चार वर्षे ते सवडीनुसार केंब्रिजला जात, सेंट जॉन्स कॉलेजात आपले सहकारी संशोधक रिव्हर्स यांच्यासमोर डोळे मिटून हात पुढे करीत, आणि रिव्हर्स कधी कापूस, कधी टाचणी टेकवून प्रत्येक उत्तर टिपून ठेवीत. प्रथम परतली ती वेदना, तीही अनावर आणि ठावठिकाणा न सांगणारी, टोचावे एकीकडे नि कळ उठावी दुसरीकडे अशी. कापसाचा हळुवार स्पर्श फार मागाहून आला. त्यावरून दोघांनी मांडलेला दोन स्वतंत्र संवेदना-व्यवस्थांचा सिद्धान्त पुढे टिकला नाही, तरी स्वतःच्या देहावर सोसून तयार केलेल्या त्या दप्तराची किंमत माझ्या लेखी तसूभरही उणावत नाही.

मज्जारज्जूतील तंतूंना मात्र श्वॉन पेशींची साथ नसते. उलट भोवतालची काही प्रथिने त्यांच्या वाढीस मनाई करतात. त्या तंतूंत वाढीची शक्तीच नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९८१ साली मॉन्ट्रियल येथे डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदरांच्या पायातील मज्जातंतूचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला, तेव्हा याच तंतूंनी त्या पुलावरून सुमारे तीन सेंटिमीटर मजल मारली. मात्र पलीकडच्या टोकाला पुन्हा रज्जूत शिरताच, थोड्याच अंतरावर ते थबकले.