मधूनच न लागणारी जोडणी

नाशिकच्या द्वारका परिसरातील एखाद्या कार्यालयात दहा संगणक असले, तरी दूरच्या सर्व्हरला त्यांचा बहुधा एकच पत्ता दिसतो. ३२ बिटांच्या जुन्या पत्तापद्धतीत जेमतेम ४३० कोटी पत्ते मावत असल्याने राउटर सगळ्यांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो, आणि मोबाइल कंपन्या हेच मोठ्या प्रमाणावर करतात. लिनक्सच्या कर्नलमधील, म्हणजे यंत्रसामग्री व नेटवर्क हाताळणाऱ्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातील, एका पर्यायाने मात्र हे गृहीतच धरले नव्हते.

जोडणी बंद झाल्यावर उशिरा पोहोचलेली जुनी पाकिटे नव्या जोडणीत मिसळू नयेत म्हणून कर्नल तिची नोंद ६० सेकंद राखून ठेवतो. गर्दीच्या सर्व्हरवर अशा नोंदी साचतात, म्हणून काही प्रशासक 'टीसीपी टीडब्ल्यू रिसायकल' हा पर्याय चालू करीत. मग नोंदी लवकर मोकळ्या होत. त्याच्या बदल्यात कर्नल प्रत्येक पत्त्यावरून आलेला शेवटचा टाइमस्टॅम्प, म्हणजे पाकिटावरील घड्याळाचा आकडा, लक्षात ठेवी आणि मिनिटभरात त्याच पत्त्यावरून मागे पडलेला आकडा आला, तर जोडणीची विनंती टाकून देई, तीही नकार न कळवता. दहा संगणकांची घड्याळे एकसारखी नसल्याने एकाचे काम झाले की शेजारच्याची विनंती बुडे. तिथला संगणक सेकंदाने, मग दुप्पट थांबून पुन्हा विचारी, आणि कधी पान उशिरा उघडे, कधी उघडतच नसे.

प्रशासकाने स्वतःच्या संगणकावरून तपासले, तर सारे सुरळीत दिसे, कारण दोष घडायला दुसऱ्याची जोडणी आधी व्हावी लागे. अशा वेळी 'किती वेळा तुटते' यापेक्षा 'कोणाच्या पाठोपाठ तुटते' हा प्रश्न अधिक उपयोगी असतो. दोन्ही टोकांना टीसीपीडम्पने पाकिटे टिपली, तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते पण उत्तर निघत नाही, एवढे कळते आणि केबल व राउटर संशयातून सुटतात. पुढे 'नेटस्टॅट'च्या आकडेवारीत टाइमस्टॅम्पमुळे नाकारलेल्या जोडण्यांचा आकडा वाढताना दिसला की धागा हाती लागतो.

२०१७ च्या लिनक्स ४.१० पासून टाइमस्टॅम्पची सुरुवात प्रत्येक जोडणीगणिक वेगळी होऊ लागली, त्यामुळे एकट्या संगणकाशीही या पर्यायाचे बिनसू लागले. त्याच वर्षी जुलैमधील ४.१२ मधून तो काढून टाकण्यात आला. जुन्या सेटिंग फायलींत मात्र ती ओळ राहून जाते, आणि नव्या कर्नलवर ती अनोळखी ठरून त्रुटी दिसते.