सूर्यास्तानंतरची ऊर्जा : प्रबंधातून शेतापर्यंत

सौर वाळवणी यंत्र दिवसा समाधानकारक चालते. खरा प्रश्न सूर्यास्तानंतर उभा राहतो. अर्धवट वाळलेली मिरची रात्री हवेतील ओलावा पुन्हा शोषते, बुरशीचा धोका वाढतो आणि दुसऱ्या दिवसाचे पहिले तास कालचेच काम पुन्हा करण्यात जातात. बॅटरीचा पर्याय आहे. परंतु तिची किंमत आणि काही वर्षांनी ती बदलण्याचा खर्च लहान शेतकऱ्यास परवडतोच असे नाही. त्यामुळे विजेऐवजी थेट उष्णता किंवा थंडावा साठवण्याचा विषय कृषी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रबंधांमध्ये अनेकदा हाताळला जातो. उदयपूर, लुधियाना आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत अशा ऊर्जास्रोतांचे अध्यापन व संशोधन करणारे विभाग आहेत.

सुप्त उष्णतेचे गणित

या संशोधनाचा पाया उष्मागतिकीतील एका साध्या तत्त्वावर उभा आहे. शून्य अंशावरील एक किलो बर्फ केवळ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. तेवढेच पाणी १० अंशांनी तापताना मात्र सुमारे ४२ किलोज्यूलच शोषते. एक टन टोमॅटो ३० अंशांवरून १२ अंशांवर आणण्यासाठी सुमारे ७२ हजार किलोज्यूल उष्णता काढावी लागते; म्हणजे तत्त्वतः २१५ किलो बर्फ पुरतो. भिंतींतून येणारी आणि फळांच्या श्वसनातून निर्माण होणारी उष्णता धरल्यास ही गरज वाढते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘पुसा फार्म सनफ्रिज’ बॅटरीविना चालते. त्यात दिवसा सौर विजेवर पाणी थंड केले जाते आणि तो थंडावा रात्री उपयोगी पडतो.

मेणाची मर्यादा

वाळवणी यंत्रासाठी ५० ते ६० अंशांदरम्यान वितळणारे पॅराफिन मेण निवडले जाते. एक किलो मेण वितळताना सुमारे २०० किलोज्यूल उष्णता साठवते आणि गोठताना परत देते. मात्र मालातील एक किलो पाणी बाष्परूपाने काढण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात. म्हणजे कोणताही अपव्यय न धरता १२ किलो मेण. त्यामुळे मेणाच्या साठ्यावर रात्रभर पूर्ण वेगाने वाळवणी होईल, ही अपेक्षा चुकीची ठरते. यंत्रातील हवा कोमट ठेवून माल पुन्हा ओलावू न देणे, हेच त्याचे व्यवहार्य कार्य होय. शिवाय मेणातून उष्णता संथ गतीने वाहते. म्हणून संशोधक साठवण टाकीत धातूच्या पट्ट्या बसवतात. वितळताना मेण फुगते, त्यामुळे टाकीत मोकळी जागा ठेवावी लागते. मेण ज्वलनशील असल्याने ज्योतीपासून दूर ठेवणेही आवश्यक असते.

प्रबंध वाचताना

देशातील कृषी विद्यापीठांचे अनेक प्रबंध ‘कृषीकोश’ या डिजिटल भांडारात उपलब्ध आहेत. त्यांतील निष्कर्ष शेतकऱ्यांपर्यंत नेण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्यांनी चार बाबी तपासाव्यात.

• चाचणी रिकाम्या यंत्रावर झाली की माल भरून? रिकाम्या यंत्रातील तापमान नेहमीच अधिक आकर्षक दिसते.
• ढगाळ व दमट दिवसांच्या नोंदी आहेत का?
• साठवण पदार्थाची वितळण्या-गोठण्याची किती आवर्तने तपासली? काही क्षारयुक्त पदार्थांचे घटक वारंवार वापराने वेगळे होतात आणि साठवण क्षमता घटते.
• खर्च प्रति किलो वाळलेल्या मालामागे मांडला आहे का?

ज्या प्रबंधात या चारही प्रश्नांची उत्तरे मिळतात, त्यातील रचना गावपातळीवरील प्रात्यक्षिकासाठी विचारात घ्यावी. उत्तरे अपुरी असल्यास प्रगतशील शेतकऱ्याच्या शेतावर, प्रत्यक्ष मालासह घेतलेल्या एका हंगामाच्या नोंदी ती उणीव भरून काढू शकतात. सायंकाळी व सकाळी मालाचे वजन करून लिहिलेले दोन आकडेही यंत्राने रात्री किती काम केले, हे स्पष्ट सांगतात.