थेंबांच्या नऊ जोड्या

लाकूड पोखरणाऱ्या अळीला निदान खोडाचा आडोसा असतो. युरोपात पॉप्लरच्या पानांवर वाढणारी लाल भुंगेऱ्याची अळी, शास्त्रीय नाव क्रायसोमेला पॉप्युली, मात्र साऱ्यांच्या डोळ्यांसमोर चरते. अंग मऊ, चाल मंद आणि आजूबाजूला मुंग्यांची वर्दळ. तरी तिचं खाणं निवांत चालू असतं.

गवताच्या काडीने तिला हळूच डिवचलं की या निवांतपणाचं कारण कळतं. पाठीवरच्या ग्रंथींच्या नऊ जोड्या झटकन बाहेर उलटतात आणि प्रत्येक ग्रंथीच्या टोकावर एक थेंब चमकू लागतो. कडू बदामाची आठवण करून देणारा उग्र वास सुटतो. मुंगी मागे फिरते. धोका टळला की ग्रंथी गोगलगायीच्या शिंगांसारख्या आत जातात आणि जाताना थेंबही परत ओढून घेतात. केवढी ही काटकसर!

हा वास सॅलिसिलाल्डिहाइडचा. तो तयार होतो कसा, हे तर याहून विलक्षण आहे. पॉप्लर आणि विलो (आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज याच कुळातला) पानांत नि सालीत सॅलिसिन नावाचं कडू द्रव्य साठवतात; पुष्कळ किडे त्यामुळे दूर राहतात. विलोच्या सालीतून ते १८२८ साली वेगळं काढलं गेलं आणि पुढे ॲस्पिरिनपर्यंत पोचलेली वाट तिथूनच सुरू झाली. अळी हे सॅलिसिन पानाबरोबर गिळते आणि शाबूत ग्रंथींपर्यंत पोचवते. तिथे एक विकर त्याचे दोन तुकडे करतं, एक ग्लुकोजचा आणि दुसरा सॅलिसिल अल्कोहोलचा. या अल्कोहोलवर दुसऱ्या विकराने ऑक्सिजनची प्रक्रिया घडवली की सॅलिसिलाल्डिहाइड तयार! ग्लुकोज मात्र अळी स्वतःसाठी शोषून घेते. म्हणजे हत्यार झाडाचं, आणि ते परजण्याची मजुरीही झाडाकडूनच वसूल. तिच्याच गणगोतातल्या काही अळ्या आपलं संरक्षक रसायन मुळापासून स्वतः घडवतात. त्यांना सगळा खर्च पदरचा करावा लागतो.

सगळेच शत्रू मात्र या वासाला भीत नाहीत. पॅरासिर्फस निग्रिटार्सिस नावाच्या एका फूलमाशीच्या अळ्या पानभुंगेऱ्यांच्या अळ्यांवरच जगतात. मुंगीला पळवून लावणाऱ्या सॅलिसिलाल्डिहाइडकडे त्या उलट ओढल्या जातात आणि त्याच वासावरून आपलं भक्ष्य शोधून काढतात.