बाप्तिस्म्याचे पाणी

बेळगाव, पणजी वा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंबे असतात. त्यांच्या घरी मूल जन्मले की काही दिवसांनी चर्चमधील समारंभाचे बोलावणे येते आणि आपण ते बारसे समजून झबले-टोपडे घेऊन जातो. नाव उच्चारले जाते हे खरे. तथापि बाप्तिस्मा म्हणजे बारसे नव्हे.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडविणे असा आहे. पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्तासह मरणे आणि वर येणे म्हणजे त्याच्यासह पुन्हा उठणे, असा अर्थ संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात लावला आहे. म्हणूनच आपल्या तीर्थस्नानासारखा हा विधी पुनःपुन्हा होत नाही. तो जन्मासारखा एकदाच. पाणी थोडे की फार, याविषयी मात्र पंथापंथांत मतभेद आहेत. कॅथलिक चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या मस्तकावर पाणी ओततात आणि धर्ममातापिता त्याच्या वतीने वचन देतात. बॅप्टिस्ट मंडळी म्हणतात की, ज्याला स्वतः श्रद्धेची कबुली देता येते त्यानेच पाण्यात उतरावे. या वादापायी १५२७ मध्ये झुरिक येथे फेलिक्स मांझ यास नदीत बुडवून ठार करण्यात आले. ज्या पाण्याने नवा जन्म द्यावयाचा, त्यानेच प्राण घेतला!

आपल्या मराठी मुलखात या पाण्याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागली. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मधला, बेळगावचा. 'यमुनापर्यटन'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो. मिशनच्या शाळांत शिकताना त्यांचे मन ख्रिस्ताकडे वळले. पण मन वळणे आणि बाप्तिस्मा घेणे यांत आप्तांचे पाश होते. अखेर १८५४ साली त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. खासगी श्रद्धा घराच्या चार भिंतींत सांभाळता येते; ती चारचौघांत बोलून दाखवण्यास हे पाणी लागते.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. चर्चच्या दृष्टीने पाणी ही सीमा होती. जातीच्या दृष्टीने ती अन्न ही होती. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता आणि न्यायालयाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. तरीही मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवल्यामुळे तो जातीबाहेरच ठरला, आणि त्याला परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना मोठा विरोध सोसावा लागला. एवढ्या कोवळ्या पोराच्या ताटावरून शहाण्यासुरत्या माणसांनी केवढे रण माजवावे!

नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो राजनांदगावकडे जाताना, आगगाडीतील एका सहप्रवाशाकडून. त्यानंतर बराच काळ त्यांनी आपली श्रद्धा मनात ठेवली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, पण लगोलग ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळेओवळे सुटले ते हळूहळू, स्वतःच्या विचाराने, आणि मग बाप्तिस्मा. 'स्मृतिचित्रे'मधील हा भाग आमच्या मते मराठी गद्याचे भूषण आहे. ज्या घरात ते पुस्तक नसेल, त्याने ते अवश्य आणावे.

पंडिता रमाबाईंची तऱ्हा निराळी. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही आपल्याला न पटलेले सिद्धांत केवळ गुरुजन सांगतात म्हणून मान्य करण्याचे त्यांनी नाकारले. बाप्तिस्मा म्हणजे बुद्धी गहाण टाकणे नव्हे, हे त्यांनी आपल्या पत्रव्यवहारातून ठणकावून सांगितले.

आणि टिळक? ज्यांनी या पाण्यासाठी एवढे गमावले, त्यांनीच १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना एकाच पंक्तीस बसावयाचे होते. कित्येक मिशनऱ्यांना ते रुचले नाही. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक निवर्तले.