दोन कुशींना दोन टाक्या

गोंदिया जिल्ह्यात गुहा म्हटली की सालेकसा तालुक्यातली कचारगडची, आणि पाणी म्हटले की नागझिऱ्याचा तलाव, नवेगावबांध नाहीतर इटियाडोह. छतापर्यंत पाण्याने भरलेल्या गुहेत पोहत जाणे ही कल्पनाच इकडच्या माणसाला परकी वाटते. तारकर्लीला जाऊन समुद्रात स्कूबा करून आलेले लोक मात्र आता विदर्भातही भेटतात. समुद्रात काही बिनसले तर डोक्यावर पाणी असते आणि त्यावर आभाळ. गुहेत डोक्यावर दगड असतो, त्यामुळे आलो त्या वाटेनेच परत जावे लागते. पाठीवर किंवा कुशीला हवेची टाकी कोणती घ्यायची हे या परतीच्या वाटेवर ठरते, आत किती लांब जायचे आहे यावर नाही.

अशी गुहा आपल्याकडे घरोघरी पोचली ती 2018 मध्ये. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 23 जूनला 12 मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. पाणी उपसण्याच्या कामी सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे गेले होते. चार मोठे पंप विमानाने पाठवण्यासाठी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात तयार ठेवले होते. मुलांचा पत्ता 2 जुलैला लागला. रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन हे दोन ब्रिटिश डायव्हर त्यांच्यापर्यंत पोचले, आणि या मंडळींची टाक्या बांधण्याची पद्धत होती साइडमाउंट. चारच दिवसांनी, 6 जुलैला, समान कुनान हा थाई नौदलाचा माजी डायव्हर वाटेवर हवेच्या टाक्या ठेवून परतत असताना मरण पावला.

साइडमाउंट म्हणजे टाकी पाठीवर न घेता दोन काखांखाली एकेक, अंगाला समांतर. ही काही समुद्रावरची हौस नव्हे. 1960 च्या दशकात ब्रिटनमधले गुहावीर कोरड्या गुहेतून रांगत जात, मध्येच पाण्याने भरलेला बोगदा आला की त्यात बुडी मारत आणि पलीकडे पुन्हा रांगत. पाठीवरची टाकी छताला अडकते, म्हणून त्यांनी ती कमरपट्ट्याला कुशीशी बांधली. फायदे नंतर आणखी दिसले. टाकीची तोटी पाठीमागे न राहता बगलेपाशी येते, गळती झाली तर डोळ्यांनी दिसते, हाताने बंद करता येते. फारच अरुंद फट आली तर टाकी खालून सोडवून पुढे ढकलत नेता येते. दोन्ही टाक्या एकमेकींशी जोडलेल्या नसतात. प्रत्येकीला श्वास घ्यायचा आपला रेग्युलेटर, दाब दाखवणारा आपला गेज.

आता टाकीचा आकार वाचायचा कसा? दुकानात ‘80’, ‘85’, ‘40’ असे आकडे ऐकू येतात. ते अमेरिकी घनफूट, म्हणजे टाकी पूर्ण दाबाने भरल्यावर त्यात मावणारी हवा. आपल्याला सोपा पडतो तो लिटर आणि बारचा हिशेब. टाकीच्या पोटात पाणी किती मावते ते लिटरमध्ये घ्यायचे आणि दाबाच्या बारने गुणायचे. सर्रास वापरली जाणारी अॅल्युमिनियमची 80 नंबरची टाकी आतून 11.1 लिटरची असते. 200 बार भरली तर 2,220 लिटर हवा, आणि दोन टाक्या मिळून 4,440. पोलादाची कमी दाबाची 85 नंबरची टाकी साधारण 13 लिटरची, पण ती भरायची 180 बारच्या आसपास. जोडीत 4,680 लिटर. नावात फरक, धातूत फरक, हवा जवळपास तेवढीच. टाकी निवडताना अनेक जण या नंबरांवरच अडकतात, आणि खरा फरक जिथे आहे तिकडे बघतच नाहीत.

हवा किती लागते? शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर घेतो असे धरू. 20 मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून खर्चही तिप्पट, मिनिटाला 60 लिटर. 4,440 ला 60 ने भागले की 74 मिनिटे येतात. या 74 वर भरवसा ठेवून गुहेत कोणी उतरू नये.

गुहेतला नियम तिहाईचा आहे. एक हिस्सा आत जाण्यासाठी, एक परतण्यासाठी, आणि तिसरा राखीव, तो मुख्यतः जोडीदारासाठी. अमेरिकेच्या शेक एक्सली या गुहांमधल्या डायव्हरने गुहांमधल्या मृत्यूंची एकेक नोंद तपासून 1979 मध्ये पुस्तिका लिहिली. त्यात परतीची वाट दाखवणारी दोरी सोडू नये या नियमाइतकाच हवेच्या या वाटणीवर भर आहे. प्रत्यक्षात 200 ला तीनने नीट भाग जात नाही, म्हणून 180 धरतात, तिहाई 60 येते आणि काटा 200 वरून 140 वर आला की पाठ फिरवतात. अॅल्युमिनियमच्या जोडीत 60 बार म्हणजे 1,332 लिटर, म्हणजे 22 मिनिटे. चौऱ्याहत्तरची बावीस झाली.

दोन टाक्या सुट्या असल्याने आणखी एक शिस्त पाळावी लागते. दर 20-30 बारला तोंडातला रेग्युलेटर बदलून दोन्हींतला दाब जवळजवळ सारखा ठेवायचा. समजा एकाने आळस केला आणि सगळी हवा डावीतूनच घेतली: डावी 80 वर, उजवी 200 वर भरलेली. एकूण खर्च तोच, 1,332 लिटर. याच क्षणी उजवी निकामी झाली तर डावीत उरतात 888 लिटर, आणि परतायला लागतात 1,332. तेच दोन्ही टाक्या 140 वर असत्या, तर एक गेली तरी दुसरीत 1,554 लिटर असते. हवा तेवढीच वापरूनही एक जण बाहेर येतो, दुसरा येत नाही.

जोडीतल्या दोघांच्या टाक्या वेगळ्या असतील तर प्रकरण अधिक नाजूक होते. एकाकडे 11.1 लिटरच्या दोन, दुसरीकडे, समजा ती अंगाने लहान आणि कमी हवा घेणारी आहे, 7 लिटरच्या दोन. दोघेही 200 वरून 140 वर आल्यावर फिरले. त्याने 1,332 लिटर वापरले, तिने 840. नेमकी तिथेच त्याची सगळी हवा गेली असे धरा. तिच्याकडे 1,960 लिटर आहेत, त्यातले 840 तिलाच परतायला हवेत. त्याच्यासाठी उरले 1,120. त्याला हवे होते 1,332. म्हणजे 212 लिटर, 20 मीटरवर साडेतीन मिनिटांची हवा कमी. तीही तो शांतपणे श्वास घेत असेल तर, आणि हवा संपलेला माणूस शांत श्वास घेत नाही. म्हणून जोडीची मर्यादा लहान टाकीवरून ठरते. त्याने आपल्या मोठ्या टाक्यांतूनही 840 लिटरच वापरायचे, म्हणजे जेमतेम 38 बार. काटा 162 वर येण्याची वाट न बघता 165 लाच पाठ फिरवायची. मोठी टाकी घेतली म्हणून जास्त आत जाता येते, हा समज इथे मोडतो. माझ्या मते सोबत बुडी मारणाऱ्यांनी सारख्या टाक्या घ्याव्यात. कागदावरचा हिशेब वाचतो आणि पाण्याखाली विसरण्यासारखी एक गोष्ट कमी होते.

आता धातू. हवेला वजन असते. अॅल्युमिनियमच्या भरल्या टाकीत सुमारे 2.7 किलो हवा असते. भरलेली टाकी पाण्यात पाऊण किलोच्या आसपास जड, रिकामी झाली की दोन किलोने तरंगणारी. साइडमाउंटमध्ये टाकीची मान एका रबरी दोरीने काखेशी धरलेली असते आणि बूड क्लिपने कमरेला अडकवलेले. हवा कमी होत गेली की बूड वर उचलू लागते आणि टाकी अंगाला समांतर न राहता तिरपी होते. मग डायव्हर बुडाची क्लिप मागच्या कडीतून काढून कमरपट्ट्यावरच्या पुढच्या कडीत लावतो, टाकी पुन्हा सरळ होते. पोलादाची टाकी असे वागत नाही, ती बराच काळ जडच राहते. त्यामुळे कमरेला शिशाचे वजन कमी लागते, पण सूट पातळ असेल तर माणूस नको इतका खाली खेचला जातो आणि तरंगण्यासाठी अंगावरच्या जॅकेटमध्ये हवा भरत बसतो.

म्हणून जागेप्रमाणे टाकी बदलते. मेक्सिकोत तुलुमच्या परिसरातल्या गुहा उथळ आणि पाणी सुमारे 25 अंशांचे. सूट बेताच्या जाडीचा, त्यामुळे अॅल्युमिनियमच्या 80 तिथे घरच्यासारख्या. फ्लोरिडात जिनी स्प्रिंग्जसारख्या ठिकाणी खोली 30 मीटरच्या घरात, झऱ्याचा जोर तोंडावर येणारा, पाणी थंड म्हणून हवा कोंडणारा ड्रायसूट. तो माणसाला वर उचलतो, आणि तिथे पोलादाची जड टाकी सोयीची. ब्रिटिश पद्धतीच्या गुहेत, जिथे टाक्या आधी खांद्यावरून चिखलातून वाहून न्याव्या लागतात, तिथे सहा-सात लिटरच्या टाक्याच शहाणपणाच्या.

शरीराची उंचीही बघावी. 80 नंबरची टाकी सुमारे 66 सेंटीमीटर लांब. बुटक्या माणसाच्या कमरेखाली ती लोंबते आणि गुहेच्या तळाचा गाळ ढवळते, ज्यात पुढचे काही दिसत नाही. आणखी हवा हवीच असेल तर मोठी टाकी घेण्याऐवजी तिसरी टाकी सोबत न्यावी, वाटेत दोरीला अडकवून ठेवावी आणि परतताना उचलावी. पण हे पुढचे शिक्षण. हे सगळे प्रशिक्षकासोबत शिकण्याचे काम आहे, लेख वाचून करण्याचे नव्हे.

टाकी भरून घेताना एक सवय मला खटकते. पोलादाची कमी दाबाची टाकी ठरल्यापेक्षा बरीच जास्त भरून घ्यायची, म्हणजे लहान टाकीत मोठीची हवा. फ्लोरिडात गुहेच्या डायव्हरांमध्ये ही रीत रुळलेली आहे. आपल्याकडे दाबाखालच्या गॅसच्या सिलिंडरांचे नियम पाहणारी पेसो ही केंद्र सरकारची संस्था नागपुरात आहे, आणि 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांखाली ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाची चाचणी घेतल्याशिवाय सिलिंडर भरता येत नाही. टाकीच्या खांद्यावर धातूत ठोकलेले आकडे असतात: क्षमता, भरण्याचा दाब, चाचणीचा दाब, शेवटच्या चाचणीचा महिना आणि वर्ष. भाड्याची टाकी हातात आली की तोटीला रेग्युलेटर लावण्याआधी ते वाचावेत, आणि तिहाईचा हिशेब तिथल्या लिटरवरूनच मांडावा.