जवसाचे तेल : ताटातले आणि रंगातले

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात फिरताना गुजरातीच्या बरोबरीने अहिराणीही कानांवर पडते. तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडून येणाऱ्या लोहमार्गाने धुळे, जळगाव, नंदुरबारची असंख्य कुटुंबे येथील मागांवर कामास आली आणि येथेच स्थिरावली. त्यांच्या डब्यांतून भाकरीबरोबर जवसाची चटणीही आली. सुरतेचा वाणी त्याच दाण्याला अळसी म्हणतो. अलीकडे हा दाणा तेलाच्या रूपाने बाटलीत बसला आहे, आणि हे तेल हृदयविकारावर रामबाण असल्याचे सांगितले जाते. काही मंडळी तर त्याच्या भरवशावर वैद्याने दिलेली गोळी बंद करावयास निघतात. म्हणून या तेलाचे खरे गुण व खऱ्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत.

जवसाच्या दाण्यात सुमारे ४० टक्के तेल असते. ते काढण्याची आपली जुनी रीत घाण्याची. दाणे निवडून, खडेमाती काढून उखळात घालावयाचे आणि बैलाने लाट फिरवावयाची. मधूनमधून थोडे पाणी शिंपडावे लागते, म्हणजे पेंड बांधून येते व तेल सुटे होते. ते काही काळ निथळू दिले की गाळ तळाशी बसतो. १९३४ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी या घाण्याच्या सुधारणेचे काम हाती घेतले. त्यातून निघालेली 'वर्धा घाणी' एका वेळी अधिक दाणे घेई. विदर्भ हा जवसाचा मुलूख असल्यामुळे हे काम तेथे व्हावे यात नवल नाही. यंत्राच्या दाबाने पेंडीतून तेल अधिक निघते हे खरे. पण दाब वाढला की उष्णताही वाढते, आणि या तेलाचे उष्णतेशी मुळीच जमत नाही.

ते का, हे रंगाऱ्याला विचारावे. एकोणिसाव्या शतकात नागपूर-वऱ्हाडचे जवस मुंबई बंदरातून विलायतेस जाई, ते मुख्यतः तेथील रंगांच्या कारखान्यांसाठी. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते व सुकून कातड्यासारखा पापुद्रा धरते. लाकडाला लावावयाचा रंग त्यामुळेच टिकतो. हा गुण येतो अल्फा-लिनोलेनिक नावाच्या आम्लापासून. तेलाचा निम्म्याहून अधिक भाग त्याचाच असतो. आणि गंमत अशी, की आहारात मोलाचे ठरते तेही हेच आम्ल! ओमेगा-३ वर्गातील हे स्निग्धाम्ल आपल्या शरीराला तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळवावे लागते. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांनी त्याचे दैनंदिन प्रमाण पुरुषास १.६ ग्रॅम व स्त्रीस १.१ ग्रॅम ठरविले आहे. चहाचा एक चमचाभर ताजे तेल एवढी गरज सहज भागविते. पेलाभर पिण्याचे काही कारण नाही.

तथापि मासळीच्या तेलातील ओमेगा-३ आणि हे एकच नव्हे. जवसाच्या आम्लाचे मासळीतील आम्लात रूपांतर करण्याची शरीराची शक्ती फार थोडी आहे. शाकाहारी माणसास जवस उपकारक आहे, पण त्याने मासळीची सारी उणीव भरून निघते असे म्हणता येत नाही. दुसरी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. २०१३ साली कॅनडातील संशोधकांनी पायांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या रुग्णांस सहा महिने रोज ३० ग्रॅम जवस दिले, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १० अंकांच्या आसपास उतरला. पण ते दळलेले जवस होते, तेल नव्हे. दाण्यातील तंतू व लिग्नन ही द्रव्ये पेंडीत राहतात. तेव्हा बाटलीच्या श्रेयात चटणीचा वाटा मोठा आहे! खानदेशी गृहिणी जवस भाजून कुटते, तेही योग्यच. कच्च्या दाण्यात सायनाइड निर्माण करणारी काही द्रव्ये अल्प प्रमाणात असतात, ती भाजण्याने कमी होतात. शिवाय अख्खा दाणा बहुधा न पचताच बाहेर पडतो.

तेलच घ्यावयाचे असेल तर खाण्यासाठी काढलेले, काळ्या बाटलीतील, थोडे व ताजे घ्यावे. सुरतेच्या उन्हाळ्यात ते फळीवर ठेवू नये, शीतकपाटात ठेवावे. फोडणीस किंवा तळणास ते वापरू नये. भाकरीवर, चटणीवर वरून घ्यावे. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. आणि रंगाच्या दुकानातले बेलतेल चुकूनही तोंडी लावू नये. ते उकळलेले असते, व लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

घरातले तेल कडवट लागू लागले, त्याला रंगासारखा वास येऊ लागला, की ते ताटातून उठवावे. दारे-खिडक्यांच्या लाकडाला चोळण्यास ते अजूनही चांगले असते. मात्र चोळावयाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नये, मोकळ्या हवेत पसरून वाळवावी. प्राणवायू शोषताना असा बोळा आतल्या आत तापत जातो, आणि काडी न लावताही पेट घेतो.