उडत्या समुद्रपक्ष्यांची छायाचित्रे

उडत्या पक्ष्याचे छायाचित्र घेणे ही केवळ हौस आहे, असे पुष्कळांना वाटते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळील बास रॉक बेटाची हकीकत ऐकली म्हणजे हा समज दूर होतो.

सुमारे शंभर मीटर उंचीच्या या खडकावर दरवर्षी गॅनेट पक्ष्यांची मोठी वीण होते. गॅनेट हा शुभ्र वर्णाचा, काळ्या पंखाग्रांचा पक्षी. त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी पावणेदोन मीटर भरते. मादी एकच अंडे घालते.

समुद्रावरून आलेला वारा कड्यावर आदळून वर चढतो. त्याच्या आधाराने गॅनेट क्षणभर जणू अधांतरी थांबतो. हीच छायाचित्रकाराची संधी! पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. म्हणून वारा पाठीशी घेऊन उभे राहावे, म्हणजे पक्षी समोरून येतो. शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका ठेवावा. पक्ष्याबरोबर कॅमेरा संथपणे फिरवीत राहावे. कळ दाबताच हात थांबविला, तर चित्र पुसट येते. पांढऱ्या पिसांमागे काळा खडक असला, तर कॅमेरा फसून अधिक प्रकाश आत घेतो आणि पिसांची नक्षी नाहीशी होते. अशा वेळी प्रकाश आपण होऊन कमी करावा.

या श्रमाचे मोल २०२२ साली कळून आले. त्या वर्षी बर्ड फ्लूच्या साथीने येथील असंख्य पक्षी मेले. २०१४ साली आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत सुमारे ७५,००० घरट्यांच्या जागा मोजल्या होत्या. २०२३ साली त्या सुमारे ५२,००० भरल्या. साथीतून वाचलेल्या काही पक्ष्यांचे फिकट निळे डोळे काळे झाले होते. छायाचित्रांत टिपलेला हा काळा डोळा संशोधकांना रोगाची खूण ठरला.

छायाचित्र अशी साक्ष देते. परंतु साक्षीदारानेच घात करू नये. घरट्याजवळ गेल्यास पक्षी उठतो आणि उघडे अंडे इतर पक्षी पळवितात. आपल्या वेंगुर्ल्याजवळील खडकाळ बेटांवरही सुरय पक्षी वीण करतात. तेथे तर उघड्या अंड्याला उन्हाचेही भय! म्हणून आम्हांस वाटते, दूरदर्शी भिंग वापरावे, दूरच थांबावे आणि पक्षी अस्वस्थ दिसताच मागे फिरावे. एखादे चित्र हुकले तर पुन्हा मिळेल. गेलेले अंडे मिळणार नाही.